रात्री दोनला उघडणारं दार: विगन कसिनोची आठ वर्षं

सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या खांद्याला खेळाडू वापरतात तशी एक बॅग. आत टॉवेल, दोन धुतलेले शर्ट, मोज्यांचा जादा जोड, टाल्कम पावडरचा डबा, डिओडरंट, च्युइंगम. एखाद्याच्या हातात याखेरीज छोटी पेटी, आणि पेटीत सात इंची रेकॉर्ड्स, विकायला नाहीतर अदलाबदलीला. बॅगेवर बाहेरून कापडी बिल्ले शिवलेले, त्यातल्या एकावर हमखास वळलेली काळी मूठ. साल १९७५च्या आसपासचं, वार शनिवार. हा पोरगा निघालाय नाचायला, आणि तो ज्या हॉलकडे चाललाय त्याचं दार मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोन वाजता उघडणार आहे.

त्या हॉलचं नाव विगन कसिनो. जुगाराशी त्याचा काही संबंध नव्हता. उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावातला, स्टेशन रोडवरचा तो एक जुना नाचाचा हॉल. २३ सप्टेंबर १९७३च्या पहाटे तिथे पहिली ‘ऑल-नायटर’ झाली आणि ६ डिसेंबर १९८१च्या सकाळी शेवटची. या आठ वर्षांत रात्री दोन ते सकाळी आठ इथे पोरं नाचली. दारूचा थेंब मिळत नव्हता. बँड क्वचित असायचा, एरवी रेकॉर्ड्सच वाजायच्या. ती गाणीही आठ-दहा वर्षं जुनी, तीसुद्धा अमेरिकेत आपटलेली. तरी लंडनपासून स्कॉटलंडपर्यंतची पोरं आगगाडीनं, बसनं, मित्राच्या खटारा गाडीत कोंबून घेऊन इथे यायची. क्लबचे सभासद लाखाच्या घरात गेले होते असं सांगितलं जातं. १९७८मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन मासिकानं न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ला मागे टाकून याला जगातला सर्वोत्तम डिस्को ठरवलं, ही गोष्ट विगनकर आजही अभिमानानं सांगतात.

किशोरवयातल्या नाचाच्या आठवणी जगभर सगळ्यांकडे असतात. या एका हॉलच्या आठवणी इतक्या घट्ट का राहिल्या, आणि त्या आठवणींत कपड्यांना एवढं मोठं स्थान का, एवढाच प्रश्न मी इथे धरला आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. इथली फॅशन दुकानातून आली नाही, ती हॉलच्या लाकडी जमिनीतून वर आली. पोरांनी जे घातलं, जे बॅगेत भरलं, जे बुटाखाली पसरलं, ते सगळं सहा तास नाचता यावं म्हणून. म्हणून ते अंगाला आठवतं. फोटो नसला तरी आठवतं.

गाव आणि पगार

विगन हे मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्यामधलं गाव, जुन्या लँकेशायर परगण्यातलं. कोळशाच्या खाणी आणि सुताच्या गिरण्या ही तिथली जुनी ओळख. मराठी वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. मुंबईतल्या सुरुवातीच्या गिरण्यांची यंत्रं लँकेशायरमधल्या ओल्डहॅमसारख्या गावांतूनच बोटीनं आली होती. भोंगा, पाळी, आठवड्याचा खाडा, एकमेकांना चिकटलेली घरं आणि त्या सगळ्यातून एक रात्र आपली म्हणून राखून ठेवायची ओढ, हे परळ-लालबागच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

१९७०च्या दशकात तिथल्या पोरांचं आयुष्य कसं होतं? शाळा सोडण्याचं वय १९७२पर्यंत पंधरा होतं, मग सोळा झालं. म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी गिरणीत, कारखान्यात, खाणीत, दुकानात कामाला लागलेली पोरं भरपूर. आठवड्याचा पगार रोख हातात पडायचा. घरात आईला काही द्यायचं, उरलेले आपले. देशाची स्थिती मात्र वाईट. खाणकामगारांचे संप झाले १९७२ आणि १९७४मध्ये. वीज वाचवायची म्हणून १९७४च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालले. त्या अंधाऱ्या हिवाळ्यात कसिनोचा पहिला हंगाम सुरू होता. खिशात थोडे पैसे, पुढे फारसं काही दिसत नाही, आणि शनिवारची रात्र. एवढ्या सामग्रीवर पोरं काय काय उभं करतात, ते या प्रकरणात दिसतं.

हॉल आधीपासूनच होता. त्याचं नाव एम्प्रेस बॉलरूम. वर सज्जा, खाली मोठी लाकडी जमीन, पाय टाकला की किंचित दबून परत वर येणारी. आईबापांच्या पिढीनं अशाच जमिनींवर जोडीजोडीनं वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट केले होते. हॉल चालवणाऱ्याच्या दृष्टीनं रात्री दोन ते आठ ही वेळ वाया जाणारीच होती. रस विन्स्टॅन्ली या स्थानिक डीजेनं ती मागितली आणि मिळाली. दारूचा परवाना त्या वेळेत चालत नव्हता, त्याचीही कुणाला गरज नव्हती. कोला, संत्र्याचं सरबत आणि नळाचं पाणी यांवर रात्र निघायची.

आपटलेली गाणी

गाण्यांबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण त्यांच्या तालाशिवाय कपडे कळणार नाहीत.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा एक धावता, ठाशीव ठोक्यांचा सोल संगीताचा, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गाण्याचा बाज निघाला. त्याची नक्कल करणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्या निघाल्या, बहुतेकांच्या रेकॉर्ड्स खपल्या नाहीत आणि गोदामांत पडून राहिल्या. १९७०च्या सुमाराला अमेरिकन काळं संगीत संथ, जड फंककडे वळलं. लंडननंही ते उचललं. उत्तर इंग्लंडच्या पोरांनी मात्र जुना धावता ठोका सोडला नाही. डेव्ह गोडिन नावाचा संगीत-पत्रकार लंडनमध्ये सोल रेकॉर्ड्सचं दुकान चालवत असे. फुटबॉलचे सामने बघायला आलेली उत्तरेकडची पोरं त्याच्या दुकानात येत आणि नवं काही न घेता तीच जुन्या वळणाची गाणी मागत. नोकरांना सोयीचं जावं म्हणून त्यानं त्या ढिगाला ‘नॉर्दर्न सोल’ म्हणायला सुरुवात केली आणि १९७०मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या सदरात तो शब्द छापला. एका चळवळीचं नाव दुकानातल्या कप्प्यावरून पडलं.

कसिनो ही या प्रकाराची पहिली जागा नव्हे. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील १९७१च्या सुरुवातीला बंद झालं, स्टोकजवळच्या टनस्टॉलमधलं गोल्डन टॉर्च १९७३च्या वसंतात. या दोन्हींची पोरं पोरकी झालेली असतानाच विगनचं दार उघडलं.

आता यात एक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. डीजेमध्ये चढाओढ असायची ती दुसऱ्या कुणाकडे नाही अशी रेकॉर्ड आपल्याकडे असण्याची. त्यासाठी माणसं अमेरिकेत जाऊन गोदामं धुंडाळत. हाती लागलेल्या तबकडीवरचं छापील नाव कागद चिकटवून झाकत आणि तिसऱ्याच गायकाच्या, भलत्याच शीर्षकाखाली ती वाजवत, म्हणजे बाकीच्यांना शोध लागू नये. आपल्या गायकीत अनवट चीज दडवून ठेवणारे, अस्ताईचे बोल पुसट म्हणणारे उस्ताद होतेच की. संगीतावर जीव असलेली माणसं जगात कुठेही असली तरी त्यांची कंजुषी सारखीच असते, आणि त्या कंजुषीतून एकेका चिजेला तेज चढतं.

मोहरी, घेर आणि पावडर

आता कपडे. या हॉलची सगळ्यांना आठवणारी गोष्ट म्हणजे मुलांची पँट. कंबर उंच, जवळजवळ बरगडीखाली. कंबरपट्टी हातभर रुंद वाटेल अशी, तिच्यावर एकाखाली एक तीन, चार, कधी त्याहून जास्त बटणं. खिसे बाजूला. आणि मोहरी? टोकाशी घेर तीस इंचांच्या आसपास. आपल्याकडच्या कुठल्याही शिंप्याला सांगितलं असतं तर त्यानं टेप खाली ठेवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

ही बेलबॉटम नव्हे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि तो बहुतेक ठिकाणी पुसला जातो. त्याच काळात आपल्याकडे आलेली बेलबॉटम मांडीला घट्ट आणि गुडघ्याखाली फुललेली. तिच्यात उभं राहायचं, चालायचं, फोटो काढायचा. कसिनोची पँट मांडीपासूनच सैल, सरळ खाली उतरणारी. तिचं कूळ १९२०च्या दशकातल्या ऑक्सफर्ड बॅग्ज या सैल पँटींचं, पण ती टिकली नाचामुळे. मांडी घट्ट असेल तर पाय डोक्याइतका वर फेकता येत नाही, खाली बसकण मारून उसळी घेता येत नाही. आणि सैल मोहरीची खरी करामत दिसायची गिरकीत. माणूस टाचेवर फिरला की कापड अर्ध्या क्षणानं मागाहून फिरतं, थांबला की कापड पुढे जाऊन पायाला गुंडाळतं. नाचाला दुसरी रेघ मिळते. कथकच्या चक्करला अंगरख्याचा घेर जे करतो तेच.

मुलींचा पूर्ण घेराचा स्कर्ट, पोटरीपर्यंतचा, हाही त्याच हिशेबातला. खाली सपाट बूट, टाच नाही. उंच टाचांचे, जाड तळव्यांचे प्लॅटफॉर्म बूट त्या दशकात सगळीकडे बोकाळले होते, अन्य डिस्कोंत मुलं-मुली दोघंही ते घालत. इथे ते घालून नाचणं अशक्य. इथे सपाट आणि तळवा चामड्याचा. रबरी सोल जमिनीला चिकटतो, चामडं घसरतं. आणि या नाचाचा पाया घसरण्यातच होता. पावलं उचलून टाकायची नाहीत, बाजूबाजूला सरकवायची, वरचं अंग जवळजवळ स्थिर ठेवून. मग गाण्यात जागा आली की गिरकी, मागे हातांवर पडून परत उभं राहणं, पाय फाकवून खाली जाणं, उंच लाथ. या लाथांमध्ये ब्रूस लीचे सिनेमे आहेत, असं तिथे नाचलेलेच सांगतात.

शेकडो जण सहा तास घाम गाळतायत म्हटल्यावर जमीन ओली होते. छताला धरलेली वाफ थेंब होऊन खाली टपकायची, हे प्रत्येकाच्या आठवणीत आहे. ओल्या लाकडावर चामडंही अडकतं. म्हणून पावडर. कॅरमच्या बोर्डावर आपण बोरिक पावडर शिंपडतो ना, अगदी तेच. पोरगा आपल्या ठरलेल्या जागी यायचा, डब्यातून चिमूट-दोन चिमूट टाल्कम जमिनीवर टाकायचा, बुटाच्या तळव्यानं फिरवून पसरायचा आणि मग सुरू करायचा. हॉलभर त्या पावडरीचा, घामाचा आणि सिगारेटच्या धुराचा मिळून एक वास असायचा. पन्नास वर्षांनंतर न्हाणीघरात टाल्कमचा डबा उघडला की विगन आठवतं, असं सांगणारी माणसं आहेत, आणि मला ते अगदी खरं वाटतं. आठवण साठवायला नाकासारखी दुसरी जागा नाही.

बॅग का, ते आता कळेल. अंगावरचा शर्ट तासा-दीड तासात पिळून निघायचा. मग स्वच्छतागृहात जायचं, टॉवेलनं अंग पुसायचं, दुसरा शर्ट चढवायचा, पुन्हा जमिनीवर. पहाटे उघड्यावर निघताना कोरडा कपडा हवाच, नाहीतर लँकेशायरच्या थंडीत न्युमोनिया ठरलेला. म्हणजे बॅग ही आधी गरज. तिच्यावर बिल्ले शिवले गेले आणि मग ती ओळख झाली. अनोळखी गावच्या फलाटावर रात्री अकरा वाजता तशी बॅग दिसली की समजायचं, हा आपल्यातला.

काळी मूठ अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यातून आलेली. तिच्याभोवती ‘श्रद्धा सोडू नका’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असायचं. मँचेस्टर-विगनची गोरी कामगार पोरं ती छातीवर आणि बॅगेवर मिरवत होती. तिचा मूळ अर्थ किती जणांना पुरता ठाऊक होता हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या काळ्या गायकांना त्यांच्या स्वतःच्या देशानं विसरून टाकलं होतं, त्यांची नावं ही पोरं वहीत लिहून पाठ करत होती. एडविन स्टारसारखे गायक विगनला येऊन प्रत्यक्ष गाऊनही गेले. हा आदर वरवरचा होता असं मी म्हणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि मुलींच्या आठवणींत ती पहिली येते. इथे जोडी लागत नव्हती. आईबापांच्या हॉलमध्ये मुलीनं भिंतीला टेकून बसायचं आणि कुणी विचारेल याची वाट बघायची. विगनमध्ये विचारायचंच काही नव्हतं. जो तो एकटा नाचायचा, प्रत्येकजण स्टेजकडे तोंड करून किंवा आपल्याच तंद्रीत. एकटे, पण सुटे नव्हेत. गाण्यातल्या ठरावीक जागेवर अख्खा हॉल एकदम टाळी वाजवायचा. एकच टाळी, शेकडो हातांची. आपल्याकडे समेवर जशी सगळ्या श्रोत्यांची मान एकाच क्षणी पडते, तशी. वाट चुकलेला नवखा त्या टाळीतून ओळखू यायचा.

भैरवी

दशावतार म्हणा, खंडोबाचं जागरण म्हणा, कोकणातलं नमन म्हणा, रात्रभर चालणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे एक रीत असते. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मधली रात्र मोकळी. कसिनोतही तेच झालं, आणि कुणी बसून ठरवलं नाही. सकाळी आठला हॉल रिकामा करायचा, म्हणून शेवटी तीन गाणी लागत. नेहमी तीच तीन, त्याच क्रमानं. ‘आठच्या आधीची तीन’ हेच त्यांचं नाव पडलं. तिन्हींत रात्र सरण्याची, वेळ निसटण्याची, घरी निघण्याची भाषा. रात्रभर ज्या वेगानं नाचले त्याच्यापेक्षा हळव्या अंगाची ती गाणी. ही कसिनोची भैरवी होती. तिच्यानंतर काही वाजत नाही हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून तिच्यात जीव ओतला जायचा.

मग दार उघडायचं आणि रविवारची सकाळ आत यायची. पांढरे चेहरे, पावडरीनं माखलेले बूट, थंडी. काहीजण गावातल्या तरणतलावावर जायचे, अंग धुवायला आणि पोहायला. बाकीचे स्टेशनच्या बाकावर पहिल्या गाडीची वाट बघत झोपायचे. सोमवारी पाळी.

जे सांगितलंच पाहिजे

सहा तास न थकता नाचणं सगळ्यांना नुसत्या तरुणपणावर जमत नव्हतं. अँफेटामाइन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या या रात्रींचा भाग होत्या. वजन कमी करायला डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देत त्या हातोहात फिरत. औषधांची दुकानं फोडली गेली. पोलीस साध्या वेषात हॉलमध्ये असत. काही पोरांची त्यात वाट लागली, काही गेलीच. आठवणी सांगणारे बरेच जण इथे आवाज खाली आणतात किंवा विषय बदलतात. काही प्रामाणिकपणे सांगतात की घेतल्या, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याची किंमत मोजली. अनेकांनी कधीच घेतल्या नाहीत, त्यांना आपल्या सगळ्या रात्रीच गोळ्यांच्या खात्यावर टाकल्या जातात याचा राग आहे. तिघांचंही खरं आहे. या प्रकरणाची गोड बाजू तेवढी लिहिणं त्या गेलेल्या पोरांवर अन्याय होईल.

कॅमेऱ्यानं काय केलं

१९७७मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी टोनी पामर या दिग्दर्शकानं कसिनोवर माहितीपट केला. आज त्या हॉलचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते जवळपास सगळं त्यातलं. बनियनमधला पोरगा, फडफडणारी पँट, गिरकी, हातांवर पडून उसळणारं अंग. मी तो कितीतरी वेळा पाहिला आहे, थांबवून थांबवून. पाय बघण्यासारखे आहेत. चेहरेही. कुणीही हसत नाही, सगळे कामात आहेत, तालमीत असावेत तसे.

पण पुरावा म्हणून तो जपून वापरायला हवा. चित्रीकरणासाठी मोठे दिवे लावले गेले, एरवी हॉल अंधारा असायचा. तिथल्या जुन्या मंडळींपैकी काहींना कॅमेराच नको होता, आपली दडलेली जागा उघड्यावर पडेल म्हणून ती नाराज होती. आणि मुख्य म्हणजे या एका फितीनं आठ वर्षांचे कपडे एका वर्षावर गोठवले. १९७३मध्ये पहिल्या रात्री आलेल्यांच्या अंगावर अजून साठच्या दशकातल्या ‘मॉड’ पोरांच्या नेटक्या पोशाखाचं वळण होतं, बॉलिंग शर्ट होते, नेटके कॉलर होते. दशक सरताना पँटींची मोहरी पुन्हा अरुंद होत गेली. आज जुन्या आठवणींच्या नाचरात्रींना साठी-पासष्टीतली माणसं येतात तेव्हा सर्रास १९७५-७७चाच वेष करून येतात, जे १९८०मध्ये पहिल्यांदा आले होते तेसुद्धा. त्यात खोटेपणा नाही. स्वतःच्या आठवणीवर सगळ्यांच्या सामायिक चित्राची घडी बसली आहे. आठवणींच्या मुलाखती घेणाऱ्यानं, मग तो विगनमध्ये घेत असो की गिरगावात, हे मनाशी धरून ठेवावं. फोटोत काय होतं हे माणूस पटकन सांगतो. पायाखाली काय होतं हे विचारा. बुटाचा सोल कशाचा होता, शर्ट कुठे वाळत घातला, घरी आईनं त्या पँटीबद्दल काय म्हटलं. तिथे स्वतःची आठवण अजून शाबूत असते.

माहितीपटाच्या आधीच, १९७५मध्ये, एक-दोन गाणी विगनच्या नावानं देशातल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत चढली, पोरांना टीव्हीवर नाचवलं गेलं, सैल पँटा मोठ्या दुकानांत टांगल्या गेल्या. जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला. माझ्या मते त्यांनी फार मनाला लावून घेतलं. दुकानातली पँट घेऊन आलेल्या नवख्यालाही त्या जमिनीवर पाय सरकवायला शिकावंच लागत होतं, आणि ते दुकानात मिळत नव्हतं.

शेवटची सकाळ

हॉल बंद झाला तो गोळ्यांमुळे नव्हे आणि गर्दी आटली म्हणूनही नव्हे. जागा नगरपालिकेची होती आणि तिला शेजारच्या कार्यालयाचा विस्तार करायचा होता. तो विस्तार पैशांअभावी कधी झालाच नाही. १९८२मध्ये रिकाम्या इमारतीला आग लागली, १९८३मध्ये ती पाडली. आज तिथे ग्रँड आर्केड नावाचं २००७ साली उघडलेलं खरेदी-संकुल उभं आहे.

कसिनो बंद झाला त्या हिवाळ्यात, जानेवारी १९८२मध्ये, ब्रिटनमधला बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण सुताच्या दोन शहरांमधली ती एक पिढी मला नेहमी शेजारी शेजारी दिसते. गिरणगावातल्या चाळींत रात्र जागवणारी नमनं आणि भजनं, आणि विगनचा हा हॉल. भोंग्यावर चालणाऱ्या माणसांनी भोंगा नसलेली एक रात्र आपल्या हातानं घडवली होती.

६ डिसेंबर १९८१, रविवार. आठ वाजत आले. विन्स्टॅन्लीनं शेवटची तीन गाणी लावली. ती संपली, पण कुणी हलेना. काहीजण रडत होते. त्यानं तीच तीन पुन्हा लावली. पुन्हा कुणी निघेना. तिसऱ्यांदा लावली. भैरवी तीनदा झाली आणि श्रोते उठत नाहीत, असा प्रसंग. शेवटी ही भूल मोडावी म्हणून त्यानं रेकॉर्ड्सच्या पेटीत हात घातला आणि हाताला आली ती तबकडी लावली, असं सांगतात.

ती फ्रँक विल्सनची होती. १९६५मध्ये मोटाउनच्या एका छोट्या लेबलसाठी त्यानं ती गायली, नमुना म्हणून अडीचशेच्या आसपास प्रती निघाल्या. मग त्यानं गायक न होता निर्माता व्हायचं ठरवलं आणि त्या प्रती नष्ट करण्यात आल्या. मूळच्या मोजक्याच तबकड्या वाचल्या. त्यातली एक २००९मध्ये पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली, २०२०मध्ये तर एका प्रतीला एक लाख पौंड मिळाले. विगनमध्ये त्या सकाळी तिची किंमत कुणाच्या डोक्यात नव्हती. डेट्रॉइटमध्ये कुणालाच ऐकायला मिळू नये म्हणून टाकून दिलेलं ते गाणं लँकेशायरमधल्या त्या हॉलमध्ये प्रत्येकाला पाठ होतं. रडणाऱ्या पोरांनी डोळे पुसले, बुटाखालची पावडर पुन्हा एकदा पसरली, आणि टाळीच्या जागेवर अख्ख्या हॉलची टाळी पडली.